अर्थिंग

अंबडला, एक्स्लो पॉइंटच्या अलीकडे,
लेथच्या दोन शेडांमध्ये चिमटून बसलेलं इलियासचं गॅरेज.
बंपर उतरवून भिंतीला टेकवलाय
आणि गाडी मागून अशी दिसतेय
जशी कवळी काढून ठेवलेली माणसं :
ओळखीची, पण बोलायला जरा संकोचलेली.

गाडी मुलीची. सेकंडहँड, डिझेल, लाखभर किलोमीटर पळलेली.
मुलगी माझी. मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं देते.
कांद्याचं बी धरायचं तेव्हा निफाडकडे,
डाळिंब फुलतं तेव्हा सटाण्याकडे.
पेट्या हलवायच्या रात्री दोनला, माश्या उठायच्या आत.
टेम्पोवाले एकदा चावून घेतले
की पुन्हा फोन उचलत नाहीत.
म्हणून ट्रॉली. म्हणून हा हुक.

'हुक नाही हो बाबा, हिच.'
मी हुकच म्हणतो.

दहा एमएमची पट्टी,
चेसिसच्या दोन लांब हाडांखाली
कंपनीनंच पाडून ठेवलेली चार भोकं.
इतकी वर्षं माती खात तिथेच होती,
कुणासाठी कोण जाणे.
तीन जुळली. चौथं दोन सूत सरकलेलं.
इलियास काही बोलला नाही,
त्यानं गोल कानस घेतली.

मी सव्वीस वर्षं सातपूरला स्विचगियरमध्ये काढली.
टर्मिनल आवळायचो. दिवसाला नऊशे.
टॉर्क रेंच 'टक्' म्हणाला की थांबायचं,
एवढं एकच शहाणपण तिथून घरी आणलं
आणि घरात कधी वापरलं नाही.

वायरिंग माझ्याकडे.
पिवळी डावा, हिरवी उजवा, तपकिरी टेल, लाल ब्रेक.
पांढरी अर्थ.
शार्दुली स्टिअरिंगवर, मी मागे उकिडवा.
'डावा दे.'
डावा लागला, आणि टेलही मिणमिणायला लागला.
'ब्रेक दाब.'
ब्रेक दाबला तर दोन्ही इंडिकेटर अर्धवट पेटले,
जागरण झालेल्या डोळ्यांसारखे.
'काय दाबतेस?'
'तुम्ही सांगाल तेच दाबतेय.'
'मग लागतंय काय भलतंच?'
'ते मला काय विचारता!'

पुण्याची नोकरी सोडून आली तेव्हापासून
आमचं बोलणं याच सर्किटवर चालू आहे.
मी एक दाबतो, तिकडे दुसरंच पेटतं.

इलियास कानशीचा भुसा फुंकत म्हणाला,
'काका, पांढरी रंगावर बसलीय.'

बसली होती.
सव्वीस वर्षांनी, मी, बोल्ट रंगावर आवळला होता.
वर चकचकीत, घट्ट, टॉर्क बरोबर, आणि खाली पोचलेलं काही नाही.
करंटला परतायची वाट मिळाली नाही
की तो शेजारच्या दिव्यातून घुसून घरी जातो.
हे मी पोरांना शिकवायचो, शिकाऊ पोरांना,
पाठीवर थाप मारून.

खरवडलं.
आधी काळा रंग, मग खालचा तांबूस,
मग आठ आण्याएवढं उघडं लोखंड,
इतकं पांढरं की बोट लावायला लाज वाटावी.

'डावा?'
'आहे.'
'उजवा?'
'आहे.'
'ब्रेक दाबून धर.'
गॅरेजची मागची भिंत लाल झाली, भिंतीवर माझी सावली,
कमरेत वाकलेली, हातात पान्हा.
'दिसतंय का बाबा?'
'दिसतंय. सोड आता.'
तिनं थोडा वेळ सोडला नाही.

हिशोब झाला. आरटीओचं बघू, असं तिघंही म्हणालो.
हुकाच्या गोळ्यावर इलियासनं
अर्धा कापलेला टेनिसचा चेंडू घातला, फुकट.

फेब्रुवारीतली रात्र, द्वारका ओलांडून आडगावकडे.
मागे जाळीबंद बावीस पेट्या.
काच खाली केली की ऐकू येतं :
हजारो जणी झोपेत एकच अक्षर घोळवतायत.
मी विचारलं, जड लागतेय का गाडी?
'जड नाही. फक्त मागे कुणीतरी आहे
असं पाठीला कळत राहतं.'

पहाटे सोसायटीत परतलो.
अंधारात गाडीला वळसा घालताना
नडगी सणसणीत आपटली त्या गोळ्यावर.
चेंडू कुठेतरी निफाडच्या वाटेवर पडला असणार.
ओरडलो नाही.
पायरीवर बसून चोळत राहिलो,
ती हळद आणायला वर गेली होती.